कूस बदलली की खोली फिरते : सासूबाईंचा त्रास कानाचा की मेंदूचा?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. तीन महिन्यांपूर्वी पहाटे उजव्या कुशीवर वळताना त्यांना अख्खी खोली गरगर फिरल्यासारखी वाटली, उलटीही झाली. मिनिटभरात थांबलं. पण तेव्हापासून कूस बदलली किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली की पुन्हा तसंच होतं. बीपी नॉर्मल निघालं. मानेच्या एक्स-रेमध्ये मणके झिजलेले दिसले म्हणून पट्टा दिला आणि चक्करच्या गोळ्या सुरू केल्या. त्या अजून चालूच आहेत. आता त्या तीन उशा लावून बसल्या-बसल्या झोपतात, घराबाहेर पडत नाहीत, देवळात जाणंही सोडलंय. शिवाय गेली तीन-चार वर्षं त्यांना कमी ऐकू येतं. टीव्ही मोठ्याने लावतात, आम्ही पुटपुटतो म्हणून चिडतात. घरात मात्र ‘सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं’ असं बोललं जातं. दीर म्हणतात, मेंदूचा एमआरआय करून टाकू. कानाला मशीन लावलं तर चक्कर वाढेल असंही कुणीतरी सांगितलं. हा आजार नेमका कानाचा आहे की मेंदूचा?
– एक सून, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, सासूबाईंची भोवळ कधी येते, कशाने येते आणि किती वेळ टिकते, हे तिन्ही तुम्ही लिहिलंत. चक्करच्या निदानात निम्म्याहून अधिक काम या तीन गोष्टी करतात. कूस बदलल्यावर, मान वर केल्यावर, आणि मिनिटभरात ओसरणारी. हे वर्णन आतल्या कानातले बारीक कण जागा सोडून भलतीकडे गेल्याचं आहे. डॉक्टर याला ‘बीपीपीव्ही’ म्हणतात. डोक्याची स्थिती बदलली की येणारी, जिवाला धोका नसणारी भोवळ. प्रत्यक्ष तपासून खात्री करावीच लागेल, पण माझा अंदाज खरा ठरला तर यावरचा उपाय काही मिनिटांचा आहे आणि त्याला गोळी लागत नाही.

मला त्या भोवळीपेक्षा त्या तीन उशांची आणि बंद झालेल्या देवळाची काळजी अधिक वाटते. का, ते सांगण्यासाठी आधी कानाच्या आत जावं लागेल.

कानशिलामागच्या हाडात, अगदी खोलवर, दोन अवयव एकमेकांना चिकटून आहेत. एक शंखाकृती, ऐकण्यासाठी. दुसरा तोल सांभाळण्यासाठी. दोघांतही द्रव भरलेला असतो आणि दोघांतही सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. द्रव हलला की तंतू वाकतात आणि पेशी मेंदूकडे विजेचा संदेश पाठवते. कानाचं काम एवढंच. आवाज कुठला, शब्द कोणता, मी उभा आहे की पडतोय, हे सगळं ठरवतो मेंदू. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : बिघाड बहुधा कानात आहे, पण त्यातून सावरायचं काम मेंदूला करायचं आहे. आणि मेंदूला ते करू द्यायचं की नाही, हे बरंचसं घरातल्यांच्या हातात आहे.

तोलाच्या अवयवात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. मान ‘हो’ म्हणून हलवा, ‘नाही’ म्हणून हलवा किंवा खांद्याकडे झुकवा, त्या दिशेची नलिका ते टिपते. लहानपणी फुगडी घालून थांबल्यावर अंगण फिरतच राहायचं ना? आपण थांबतो, पण नलिकेतला द्रव त्याच ओघात आणखी थोडा वेळ सरकत राहतो आणि मेंदूला वाटतं, अजून गिरकी चालूच आहे.

या नलिकांच्या शेजारी दोन पिशव्या आहेत. तिथे एका चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण बसलेले असतात. कणांना वजन असतं, त्यामुळे डोकं कलंडलं की ते पडद्याला ओढतात आणि खाली कुठे, वर कुठे, ते मेंदूला कळतं. लिफ्ट सुटली, एसटीने ब्रेक मारला, तेही डोळे मिटून याच पिशव्यांमुळे कळतं. वय वाढलं की हे कण सुटू लागतात. पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, हे जास्त दिसतं. सुटलेले कण घरंगळत बहुतेकदा मागच्या नलिकेत जातात, कारण आपण ताठ असताना तीच सर्वांत खाली असते. आता सासूबाई उजवीकडे वळल्या की ते कण नलिकेत सरकतात आणि द्रवाला ओढतात. उजवा कान ओरडून सांगतो, ‘डोकं गरगर फिरतंय!’ डावा कान म्हणतो, नाही. डोळे आणि पाठीखालची गादीही म्हणते, नाही. मेंदू या परस्परविरोधी बातम्यांत अडकतो. कण तळाशी स्थिरावले की उजवा कानही गप्प होतो, म्हणून मिनिटभरात सगळं शांत. उलटी होते तीही याच गोंधळामुळे, पित्त झालं म्हणून नव्हे.

खोली फिरल्याचा नुसता भास नसतो, डोळे खरोखर हलत असतात. तोलाचा कान आणि डोळे यांच्यात मेंदूच्या बुंध्यातून अगदी जवळची वाट आहे. डोकं उजवीकडे वळलं की सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात डोळे तितकेच डावीकडे वळतात, म्हणून चालताना समोरचं जग हलत नाही. करून बघा. हा मजकूर समोर धरून हात जलद डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं पुसट होतील. आता हात स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने मान हलवा. वाचता येतं! सासूबाईंचा कान खोटी गिरकी कळवतो तेव्हा डोळे त्या खोट्या गिरकीला उत्तर देत झटके देऊ लागतात. पुढच्या वेळी भोवळ आली की त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगा आणि नीट बघा. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तो तज्ज्ञांना एक्स-रेपेक्षा जास्त सांगेल.

या डोळ्यांच्या हालचालीवरूनच तोलाच्या कानाचं गुपित उलगडलं. व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचे डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धूत. पाणी थंड असलं की रुग्णाला गरगरतं आणि डोळे एका बाजूला झटके देतात, गरम असलं की उलट दिशेने, हे त्यांच्या लक्षात आलं. तापमानाने आतला द्रव हलतो, हे त्यांनी त्यातून ताडलं. या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. विशिष्ट स्थितीत येणाऱ्या भोवळीचं वर्णनही त्यांनी १९२१ मध्ये करून ठेवलं होतं. पुढे १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी ती ओळखायची तपासणी घालून दिली आणि अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले डॉ. जॉन एप्ली यांनी कण परत पिशवीत आणण्याची पद्धत काढली. नुसतं डोकं ठरावीक क्रमाने फिरवून भोवळ जाते, यावर त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांचा बरीच वर्षं विश्वास बसेना. त्यांचा शोधनिबंध १९९२ मध्ये आला. आज जगभर हाच पहिला उपाय मानला जातो. आपल्याकडे मात्र अजून इतके रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्या खात आणि मानेला पट्टा बांधून बसलेले दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा सासूबाईंना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि ‘डिक्स-हॉलपाइक तपासणी करून बघाल का?’ असं थेट विचारा. असं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. तपासणीत त्यांना पलंगावर बसवून, डोकं ४५ अंश एका बाजूला वळवून, पटकन आडवं करतात, डोकं पलंगाच्या काठाखाली जरासं कलतं. बाधित बाजू असेल तर काही सेकंदांनी भोवळ येईल आणि डोळे हलतील. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या घाबरून डॉक्टरांचा हातच धरतील. भोवळ येणं हे इथे चांगलं लक्षण आहे, कारण बाजू सापडली. मग तिथेच एप्लीची कृती. त्याच स्थितीत थोडं थांबून डोकं सावकाश दुसऱ्या बाजूला वळवायचं, पुन्हा थांबायचं, मग त्याच बाजूच्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे, आणि शेवटी उठून बसायचं. बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. मानेचं दुखणं आहे हे आधी सांगा, म्हणजे त्या बेताने करतील किंवा दुसरी पद्धत निवडतील. इंटरनेटवर बघून घरी पहिला प्रयोग करू नका. कण कोणत्या नलिकेत, कोणत्या बाजूला आहेत ते कळल्याशिवाय डोकं फिरवण्यात अर्थ नाही. एकदा शिकवून दिलं की पुढे घरी करता येतं, आणि ते उपयोगी पडेल, कारण हा त्रास काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा उद्भवू शकतो. उद्भवला म्हणून आजार बळावला असं समजू नका. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलेल्यांना तो पुन्हापुन्हा होतो असं दिसलं आहे, म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण एकदा तपासून घ्या.

मानेच्या एक्स-रेविषयी एवढंच, की ६८ व्या वर्षी मणके झिजलेले दिसणारच. ज्यांना आयुष्यात कधी चक्कर आली नाही त्यांचेही दिसतात. झिजलेल्या मणक्याने अशी मिनिटभराची गरगर होत नाही.

आता गोळ्या. चक्करच्या बहुतेक गोळ्या तोलाच्या यंत्रणेला गुंगवतात. एखाद्याला दोन-तीन दिवस सतत गरगरून उलट्या होत असतील तर त्या हव्यातच. पण सुटलेला कण कुठलीही गोळी परत जागेवर नेत नाही. आणि तीन महिने गुंगवलेला मेंदू तोल सावरायला शिकणार कधी? सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन ही औषधं उतारवयात दीर्घकाळ घेतली तर हात थरथरणं, अंग कडक होणं, चाल मंदावणं असे त्रास होऊ शकतात. पाकिटावर ही नावं आहेत का बघा आणि डॉक्टरांना विचारून बंद करण्याचं ठरवा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही या भोवळीसाठी अशा गोळ्या सरसकट देऊ नयेत, आणि कृतीनंतर उंच उशीवर झोपण्याचं किंवा हालचालीचं बंधन घालू नये, असं म्हटलं आहे. बीपीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना मात्र हात लावू नका.

आता त्या उशांकडे येते. मेंदू तोल फक्त कानाच्या भरवशावर सांभाळत नाही. डोळे, तळपायाची जाणीव, गुडघे-घोट्यांतले सांधे, मान, या सगळ्यांकडून खबर घेऊन तो क्षणोक्षणी हिशोब मांडतो. एका कानाची बातमी चुकू लागली तर तो इतरांच्या आधाराने नवा हिशोब बसवतो. यात लहान मेंदूचा वाटा फार मोठा. पण हा नवा हिशोब बसतो तो हालचालीतूनच. माणूस मान न वळवता, एकाच जागी बसून राहिला तर मेंदूला चूक कळत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. वर पायांची ताकद जाते, भीती वाढते, आणि मग खरोखर पडायची वेळ येते. या वयात खुब्याचं हाड मोडणं भोवळीपेक्षा कितीतरी वाईट. म्हणून तपासणी होईपर्यंतही त्यांना बसवून ठेवू नका. पलंगावरून उठताना आधी काठावर मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. रात्री संडास-बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, कारण अंधारात डोळ्यांची मदत जाते आणि सगळा भार कानावर येतो. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या. मोतीबिंदू वाढलाय का, मधुमेहाने तळपाय बधिर झालेत का, हेही तपासा. आणि संध्याकाळी तुमचा हात धरून देवळापर्यंत चालू द्या. कण जागेवर गेल्यावरही काही दिवस अधांतरी चालल्यासारखं वाटतं, ते चालण्यानेच जातं.

दिरांचा एमआरआयचा आग्रह काळजीपोटीच आहे. पण नुसत्या या भोवळीसाठी तो लागत नाही, आणि नॉर्मल रिपोर्ट हातात आला की ‘काही नाहीये, मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून खरा उपाय मागे पडतो. तो लागतो तो वेगळ्या परिस्थितीत. भोवळीसोबत जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले, हात-पाय लुळा पडला, कधी नव्हे असं जबर डोकं दुखलं किंवा आधार देऊनही उभं राहता येईना, तर कानाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्या. ते पक्षाघाताचं असू शकतं आणि तिथे मिनिटं मोजली जातात. तसंच, एका कानाने अचानक, एका रात्रीत ऐकू येईनासं झालं तर दोन दिवस वाट पाहू नका. लवकर उपचार झाले तरच ते ऐकणं परत येण्याची आशा असते.

आता ऐकण्याचं. सुटलेल्या कणांनी ऐकू कमी येत नाही. तो दुसरा, वयाचा त्रास आहे, शेजारच्या शंखाकृती अवयवातला. भोवळ तासन्‌तास टिकत असती, त्या वेळी कान गच्च भरून गुणगुणत असता आणि ऐकणं कमी-जास्त होत असतं, तर दोन्हींचा एकत्र, वेगळा विचार करावा लागला असता. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

ऐकण्याच्या मुख्य पेशी प्रत्येक कानात अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास असतात आणि त्यांना मदत करणाऱ्या सुमारे बारा हजार. या जन्माच्या वेळी मिळतात तेवढ्याच. मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी बारीक, चिरके स्वर टिपले जातात आणि टोकाशी खर्जातले. वयाने आधी तोंडाजवळच्या पेशी जातात. म्हणजे चिरके आवाज आधी हरवतात. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, तर स, श, त, क, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि हलकी. त्यामुळे ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘काठ’ यातला ‘आ’ सासूबाईंना छान ऐकू येतो, पण पुढचं-मागचं व्यंजन गळून पडतं. आवाज येतो, शब्द कळत नाही. त्यांच्या कानाला तुम्ही खरोखरच पुटपुटत असता.

गळालेली अक्षरं मेंदू अंदाजाने भरतो. शांत खोलीत, समोरासमोर, ओळखीच्या विषयावर ते जमतं. टीव्ही चालू आहे, कुकरच्या शिट्ट्या होताहेत, तिघं एकदम बोलताहेत, तिथे जमत नाही. बाहेरचा आवाज एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो आणि गलक्यातून एक आवाज वेगळा काढतो. कानाकडून येणारी खबरच अर्धवट असेल तर हे कौशल्य कोलमडतं. ‘सोयीचं तेवढं ऐकू येतं’ याचं कारण हे आहे. ज्या क्षणी परिस्थिती सोपी होती त्या क्षणी त्यांना ऐकू आलं, एवढंच. कृपा करून घरातल्या सगळ्यांना हे समजावा. दिवसभर अक्षरं जुळवून थकलेल्या माणसाला ढोंगी म्हणणं फार क्रूर आहे. त्यांनी देवळात जाणं सोडलं त्यात भोवळीइतकाच या शरमेचाही वाटा असेल, असं मला वाटतं.

त्यांच्याशी बोलताना ओरडू नका. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं नाही. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, जरा सावकाश बोला, टीव्ही बंद करा.

तज्ज्ञांकडे जाल तेव्हा आधी कानात मळ साठलाय का ते पाहून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी, करून घ्या. कोमट तेल ओतण्याची आपल्याकडची सवय सोडा. दोन्ही कानांत सारखी घट असेल तर वयाची. एकाच कानात ठळक कमी असेल तर मात्र कारण शोधावं लागतं, आणि तिथे एमआरआयला जागा आहे.

श्रवणयंत्राने चक्कर वाढते यात तथ्य नाही. ते फक्त आवाज, तोही त्यांच्या कानाला कमी पडणाऱ्या पट्टीतला, वाढवून देतं. मोठ्या आवाजानेच गरगरतं असं त्यांच्या बाबतीत होत असेल तर तो वेगळा, विरळा आजार आहे, तेवढं डॉक्टरांना सांगा. यंत्र घ्यायला उशीर करू नका. ऐकणं कमी होणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला आवर घालता येणाऱ्या कारणांपैकी एक आहे, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत नोंदवलं आहे. यंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळलाच, असं वचन कुणी देऊ नये. पण वर्षानुवर्षं कमी आवाजावर राहिलेल्या मेंदूला शब्द पुन्हा ओळखणं जड जातं, हे नक्की.

म्हणूनच पहिल्या दिवशी यंत्र लावून ‘आता ऐकू येतंय ना?’ असं विचारू नका. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःचा आवाज, सगळंच अंगावर येईल. कोणता आवाज मागे सारायचा हे मेंदू विसरलेला असतो, ते पुन्हा शिकायला त्याला काही आठवडे लागतात. आधी शांत खोलीत रोज थोडा वेळ, एकाशीच बोलत, मग स्वयंपाकघरात, मग चार माणसांत असं वाढवत न्या. याच काळात कितीतरी यंत्रं कपाटात जाऊन पडतात. तेव्हा महिनाभर तरी त्यांच्यासोबत चिकाटी धरा आणि पट्टी जुळवून घ्यायला ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे, पुन्हापुन्हा जा. दोन्ही कान सारखे कमी असतील आणि परवडत असेल तर दोन यंत्रं घ्या, दिशा ओळखायला दोन कान लागतात. रस्त्यावर किंवा ऑनलाइन मिळणारे, सगळेच आवाज सरसकट वाढवणारे डबे घेऊ नका.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मिळतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, तिथे तपासणी होते आणि निकषात बसणाऱ्यांना सरकारी योजनेतून यंत्रही दिलं जातं. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, ऑडिओमेट्रीचा कागद आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.